बियाणेवाल्याचं फ्लॅनेल

कॉव्हेंट्री, बुधवार, १९ मार्च

ते फ्लॅनेल काही डोक्यातून जात नाही. दर शनिवारी म्युझियममध्ये मी एका बियाणेवाल्याची डायरी टाईप करते. माणूस एकोणिसाव्या शतकातला, अक्षर डॉक्टरांहून वाईट. सारखं आपलं 'फ्लॅनेलचं फडकं भिजवून शेगडीपाशी ठेवलं.' माझ्यासोबत काम करणारी हेलन म्हणाली, "छाती शेकत असेल बिचारा." आणि तीस वर्षं नर्सिंग केलेली मीही मान डोलावली!

गेल्या शनिवारी पुढची ओळ लागली. 'वाटाणा निम्माच आला. विकायचा नाही.' मला हसूच फुटलं. अगं बाई, हा तर विकण्याआधी बी तपासायला मोड आणतोय! आपण मटकी फडक्यात बांधतो तसे. हेलन म्हणाली, "डायरीखाली ही टीप तुझ्या नावाने घालायची."

घरी आले ती थेट ड्रॉवरकडे. ह्यांनी स्वतःच्या हाताने लिफाफ्यात ठेवलेल्या घेवड्याच्या बिया. हे गेल्यापासून तीन उन्हाळे तो लिफाफा मी उघडला नव्हता. पेरलं आणि उगवलंच नाही तर? अलॉटमेंट, म्हणजे भाजी लावायला भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा, सोडतेय म्हणून कौन्सिलला पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं. पण तो बियाणेवाला कुठे घाबरत होता? बारा बिया भिजवल्या. फ्लॅनेल कुठलं, ह्यांच्या जुन्या पायजम्याचं फडकं. गरम पाण्याच्या टाकीपाशी ऊब असते त्या एअरिंग कपबोर्डमध्ये ठेवलं.

आज चहाच्या वेळी सोडून बघितलं. बारातल्या सहांना मोड.

निम्मेच. त्याने विकले नसते.

मी पेरणार आहे. पत्र फाडलं.