फोटोत न आलेली मूठ

मंगळवार, दि. ११
दुपारचे दोन

सूनबाई,

देवापुढे दिवा लावला, आधी तुझं नाव घेतलं आणि मग हा कागद पुढे ओढला. तुझी आणि तुझ्या आईवडिलांची प्रकृती ठीक असेल असं धरून चालते. माझे गुडघे होते तसेच आहेत. वकील आहे.

तू पोपटाचं नाव वकील ठेवलंस तेव्हा मी हसले होते. आता पटतं. फी हातात पडल्याशिवाय स्वारी जागची हलत नाही. तू फ्रिजवर चिकटवून गेलेला कागद मला पाठ झालाय. ‘ओरडला तर जवळ जायचं नाही. गप्प झाला की लगेच बी. सांगितलेलं केलं की त्याच क्षणी जिभेने टक् करायचं आणि बी द्यायची. मारायचं नाही, धरायचं नाही.’ मॅट्रिक झालेल्या बाईला एवढं जमतं. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले: आज दांडीवरून एक पाऊल पुढे. आज बोटाला चोच लावली, चावला नाही. आज दोन्ही पाय बोटावर. काटकसर म्हणून सूर्यफुलाच्या एका बीचे दोन तुकडे केले, तर त्याने अर्धी बी खाली टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

शेजारच्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या, “या वयात शाळा काढलीत की काय?”

मी म्हटलं, “काढली खरी, पण छडी वर्ज्य आहे.”

तुला फोटो मिळाला. फोनवर तू रडत होतीस. “आई, वकील खरंच ह्यांच्या हातावर बसला?” मी “हो” म्हटलं. शुक्रवारी येते म्हणालीस. तुमच्या खोलीतली चादर बदलली. खिडकीची कडी सैल झाली होती, ती बसवून घेतली. ऊन यंदा फार आहे.

बघ, कडीवर आणि उन्हावर लिहीत बसले आहे.

तू गेलीस त्या दिवशी दारात म्हणाली होतीस, “वकील ज्या दिवशी आपणहून ह्यांच्या हातावर बसेल, त्या दिवशी मी परत येईन. माणूस सोंग घेतो, पक्षी घेत नाही.” तेच वाक्य तुझ्या नवऱ्याने धरून ठेवलं. “आई, तुझं ऐकतो ना तो? मग बसव माझ्या हातावर.” मी बसवला. आधी त्याचा शर्ट अंगात घालून वकिलाला त्या बाहीची सवय लावली. मग त्याचा हात पुढे आणि मागून माझी बी. फोटो काढला तेव्हा मी टेबलाआड वाकून बसले होते, बियांची मूठ वर धरून. फोटोत मूठ आली नाही.

पक्ष्याने सोंग घेतलं नाही गं. त्याने चोख काम केलं आणि चोख मोबदला घेतला. सोंग आम्हा मायलेकांचं. घर जुळतंय ना, मग देव रागावणार नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

परवा, रविवारी सकाळी, त्याने मला बाजूला केलं. “आता बिया कशाला? बसतो की.” पिंजऱ्यात हात घातला. वकील मागे सरकला. पुन्हा हात, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा त्याने मुठीत धरला, तेव्हा वकील कडकडून चावला. “खाऊन खाऊन माजलाय!” म्हणत त्याने पिंजऱ्याला लाथ घातली. स्टँडसकट पिंजरा भिंतीवर गेला.

आणि मी कुठे होते? स्वयंपाकघरात. तो ओरडायला लागला तशी माझी पावलं आपोआप तिकडे वळली होती. त्याच्यासाठी चहा ठेवत होते, साखर एक चमचा जास्त. समोर फ्रिज, फ्रिजवर तुझा कागद. पहिलीच ओळ.

लहानपणी त्याने ताट भिरकावलं की मी दुसरं, अधिक चांगलं वाढून आणायची. तुझं मनगट सुजलं होतं, त्या दिवशीसुद्धा तुला शेक द्यायच्या आधी मी त्याला चहा नेऊन दिला. चाळीस वर्षं हेच केलं. टक् करायचं तेवढं राहिलं होतं.

वकिलाच्या शेपटीची दोन पिसं मोडली आहेत. पंख शाबूत आहेत, मी उघडून पाहिले. पण तो गप्प आहे, आणि या गप्प बसण्याला बी द्यायची नसते, एवढं आता मला कळतं.

शिवणवाल्या बाई तीनच्या बसने लेकीकडे निघाल्या आहेत. वाटेत तुझं घर लागतं. झाकणाच्या टोपलीत वकील आणि त्याच्यासोबत हा कागद, दोन्ही त्यांच्या हाती देते आहे. आता इथे तुझं काही अडलेलं नाही.

शुक्रवारी येऊ नकोस. त्याने शपथ घेतली तरी नाही, रडला तरी नाही. मी स्वतः फोनवर “ये” म्हटलं तरी येऊ नकोस, कारण मी फोनवर बोलते तेव्हा तो शेजारी उभा असतो.

सहा वाजता तो येईल आणि वकील कुठे म्हणून विचारेल. मी खरं तेच सांगणार आहे. माझी काळजी करू नकोस, असं लिहिणार होते, पण तुझ्याशी एकदा खोटं बोलले तेवढं पुरे.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. क्षमा कर म्हणण्याचा अधिकारही मागाहून, तू दिलास तर. आजवर प्रत्येक पत्राखाली ‘तुझी आई’ लिहीत आले. आज जी आहे ती लिहिते.

त्याची आई