दहा पुरुषांची यादी

४ ऑक्टोबर १९९३
कंटाळा! दिवसभर न्हावा शेव्याच्या कंटेनरांचे कागद टाइप करा आणि पाचनंतर त्याच कॉम्प्युटरवर सिनेगॉगची यादी. चोवीसला पपांना जाऊन वर्ष होतंय. मृतासाठीची प्रार्थना, कदिश, म्हणायला दहा पुरुष लागतात, म्हणजे घरोघरी बोलावण्याची कार्डं टाकायला हवीत. दोनशे बारा घरं, बहुतेक केव्हाच गेलेली. यादी पपाच ठेवायचे; गेलेल्या प्रत्येकापुढे त्यांनी शेरा लिहून ठेवलाय – ‘इस्रायल’, ‘मयत’. एकेक ओळ शोधून पुसतेय. डोळ्यांची वाट लागली.

६ ऑक्टोबर
शेजारच्या टेबलावरचा निनाद म्हणाला, "अगं, हाताने काय पुसत बसलीस? स्क्रिप्ट लिही." त्यानेच लिहून दिली – ‘इस्रायल’ किंवा ‘मयत’ दिसलं की ओळ उडव. एंटर दाबलं. चहा गार व्हायच्या आत दोनशे बाराचे एकतीस! हुश्श.

१२ ऑक्टोबर
कार्डं टाकली.

२४ ऑक्टोबर
सिनेगॉगमध्ये राफेलला धरून नऊच पुरुष. आठ वाजेपर्यंत मी फाटकात उभी. शेवटी एलियाहूकाका म्हणाले, "पोरी, आज नाही व्हायचं." मला धरून दहा होते की! पण बायका मोजत नाहीत. राफेलने पुस्तक मिटलं. पपांचा एकुलता एक मुलगा, पाठीवरचा माझा भाऊ.

२५ ऑक्टोबर
कळलं! आमचं कार्ड आमच्याच घरी आलं नाही. यादी घरकर्त्याच्या नावाने. पपांपुढे ‘मयत’ मीच टाइप केलं होतं – ओळ उडाली, तिच्याबरोबर आमचं घरही. विधवांची आणखी सहा घरं अशीच गेली. तिथे मुलगे असतील, जावई असतील. माझ्या आळसापायी पपांचा कदिश राहिला. ऑफिसात सगळ्यांदेखत रडले.

२७ ऑक्टोबर
स्क्रिप्टमधून ‘मयत’ काढलं, मूळ यादीवर पुन्हा चालवली. आमचं आणि ती सहा घरं परत आली. ऑफिस सुटल्यावर सहाही दारं वाजवली. प्रत्येक घरात एकटी म्हातारी. "मुलगा? तो गेला गं मार्चमध्ये, इस्रायलला. बस, चहा घेऊन जा." सहा कप चहा झाला. पुरुष एकही नाही.

२८ ऑक्टोबर
राफेलला सांगितलं – कार्डं गेली असती तरी नऊच झाले असते.
"माहीत होतं, ताई."
त्याचा इस्रायलचा व्हिसा मे महिन्यातच आलाय. कदिशसाठी थांबला होता पोरगा! मंगळवारी जातो.
यादीत पपांच्या जागी माझं नाव घातलं. पुरुष उरले आठ.