डावीकडचा खोकला

तीर्थस्वरूप मामा यांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. कंबर धरली, म्हणून पुढचं पत्र फ्रिजवर कागद ठेवून उभ्यानं लिहितो आहे.) तुमची तब्येत कशी आहे? नव्या डॉक्टरांच्या औषधानं तुमचा वर्षानुवर्षांचा खोकला पार पळाला, असं मामी फोनवर म्हणाली. ऐकून फार बरं वाटलं. डॉक्टर देवमाणूस दिसतो. औषध वेळच्या वेळी घ्या, अजिबात हयगय करू नका. आमच्याकडे सगळं क्षेमकुशल आहे, म्हणजे तुमची सूनबाई माझ्याशी बोलत नाही एवढं सोडलं तर.

तिच्या न बोलण्याचं मूळ तुमच्या घरात आहे. पाण्यात उभ्या असलेल्या पियानोचं चित्र असलेली ती रॉकची रेकॉर्ड आठवते ना? मी सुट्टीत यायचो तेव्हा तुम्ही रोज दुपारी लावायचात आणि मी सतरंजीवर डोळे मिटून ऐकायचो. दुसऱ्या बाजूच्या त्या लांबलचक गाण्यात गिटार वर वर चढत जाते आणि आता कोसळणार एवढ्यात कुणीतरी खोकतं. कोण खोकलं म्हणून मी विचारलं, तर डोळ्याची पापणी न लववता तुम्ही सांगितलंत की ड्रमर. बिचाऱ्याला ताप होता, पण रेकॉर्डिंग पुढे ढकलता आलं नाही. मी त्या दिवशी रडलो होतो, मामा. आजही साहेबांनी रजा नाकारली की मला तो ड्रमर आठवतो आणि मी निमूटपणे टेबलाशी जाऊन बसतो.

तर आता मी स्वतः त्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्त्या जमवतो आहे, घरखर्चातून, आणि सूनबाईचा अबोला त्यावरूनच आहे. (मूळ टेप तीच असते, पण तबकडी कापण्याआधी एक माणूस बसून कुठे आवाज चढवतो, कुठे उतरवतो, कुठे पुसतो. याला मास्टरिंग म्हणतात आणि यावरून सख्खे मित्र एकमेकांचं तोंड बघेनासे होतात.) जाडजूड तबकडीची आवृत्ती घेतली. आवाज थेट पोटात शिरतो, पण खोकला नाही. मग अर्ध्या वेगानं कापलेली घेतली. तिच्यात ड्रमरचं स्टूल करकरतं तेसुद्धा ऐकू येतं, पण तो खोकत नाही. मग 'अस्सल टेपवरून' असं सोनेरी अक्षरात लिहिलेली घेतली. तिच्यात तर तो ठणठणीत बरा आहे. माझं डोकंच फिरलं. एका आजारी कलावंताचा खोकला या मास्टरिंगवाल्यांनी टेबलावरची धूळ पुसावी तसा पुसून टाकला!

हा अन्याय मी आमच्या रेकॉर्डमंडळात मांडला. मंडळ दर रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत जमतं. मी तिथे अध्यक्ष आहे. (ऑफिसात मला कुणी विचारत नाही, घरात तर नाहीच नाही. पण तिथे मी बोलायला उठलो की लोक पंखासुद्धा बंद करतात.) खोकला कसा डावीकडून येतो, स्पीकरच्याही हातभर बाहेरून, अगदी माणूस शेजारच्या खुर्चीत बसल्यासारखा, आणि हीच मास्टरिंगची खरी कसोटी कशी, यावर मी भाषण ठोकलं. घोळ तिथून सुरू झाला. कारण भाषणानंतर सगळ्यांना खोकला ऐकू यायला लागला! दातांच्या डॉक्टरांना तो जाड तबकडीत ऐकू आला आणि कोरडा वाटला. लिफ्ट दुरुस्त करणारे आमचे चिटणीस म्हणाले, अर्ध्या वेगाच्या तबकडीत आहे, आणि चांगला कफाचा आहे. झालं, मंडळात कोरडे आणि कफवाले असे दोन तट पडले. ते आता वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसतात. विमा कंपनीतले एक साहेब ती शिंक आहे म्हणतात, त्यामुळे त्यांना बसायला भिंतच उरलेली नाही. निवाड्यासाठी छातीच्या डॉक्टरांना बोलावलं, तर त्यांनी स्पीकरला नळी लावली, त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं आणि फोटो काढून आणा म्हणाले.

खोकला ऐकू येत नाही तो मला एकट्याला. पण हे सांगू कुणाला? येत्या रविवारी मूळ रेकॉर्डवर सगळ्यांसमोर तो ऐकवला नाही, तर मंडळ फुटणार आणि मला अध्यक्षपदावरून काढणार, असा ठराव झाला आहे. ते मंडळ गेलं तर माझं म्हणणं ऐकणारं कुणी उरणार नाही, मामा. तेव्हा तुमची ती रेकॉर्ड गोधडीत गुंडाळून तेवढी पाठवून द्या. मामीला नमस्कार सांगा.

तुमचा एकुलता एक आज्ञाधारक भाचा

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी, रेकॉर्ड काढून ठेव म्हणून सांगायला मामीला फोन केला. ती इतकी हसली की फोन दोनदा खाली ठेवावा लागला. म्हणाली, अरे, ड्रमर कसला, तो तुझा मामा! रेकॉर्ड तिची, लग्नाआधीची, जिवापाड जपलेली. तुमच्या हातून त्या रेकॉर्डवर ओरखडा पडला. सुई तिथे उडी मारते हे स्वयंपाकघरात तिला कळू नये म्हणून तुम्ही नेमक्या त्याच जागी खोकायचात. डाव्या स्पीकरशेजारच्या खुर्चीत बसून! आधी तो नुसता बहाणा होता, पुढे सवयच जडली. तिला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. इतका वेळेवर खोकणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही, म्हणून बोलली नाही.

ता. क. २ : तेव्हा रेकॉर्ड पाठवू नका. तुम्हीच या. डाव्या स्पीकरशेजारी तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो, पुढे पडदा लावतो. कोरडा की कफाचा ते तुमच्यावर सोपवलं. वर तुमच्या नव्या डॉक्टरांबद्दल जे लिहिलं ते खोडलं असं समजा आणि औषध रविवारपर्यंत बंद ठेवा.

ता. क. ३ : मामीचा आत्ताच पुन्हा फोन आला. औषधाची बाटली सापडत नाही म्हणून तुम्ही सकाळपासून घर डोक्यावर घेतलं आहे म्हणे. शोधू नका. ती तिनंच लपवली आहे, माझा फोन यायच्याही आधी. तुम्ही खोकेनासे झाल्यापासून ते गाणं लावलं तरी काहीतरी पुसल्यासारखं वाटतं, म्हणते.