निशाणी नसलेला कपडा

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुझ्या बोटीवर फोन लागत नाही, म्हणून हा कागद काळा करतेय.

तुझ्या त्या कॉम्प्युटरला वेड लागलंय. तुझे दाजी बसून बसून कंटाळतात, म्हणून शेजारच्या शिंप्याने मागच्या महिन्यात त्यांना पत्त्यांचा फुकटचा खेळ घालून दिला. खेळ आला एक आणि मागे अख्खं वऱ्हाड. पडद्याच्या वरच्या कडेला नुसत्या पट्ट्याच पट्ट्या. मध्येच एक बाई येते आणि बारीक व्हायच्या गोळ्या विकते. मग लाल चौकोन येतो, तुमच्या कॉम्प्युटरला तीनशे बारा धोके आहेत म्हणतो. चारशे का नाही, विचार त्याला.

तेही सोसलं असतं. पण दाजींचं बोलणं अडलंय. घशाच्या ऑपरेशनआधी तू आठवडाभर बसून त्यांचे एकशे चाळीस शब्द भरलेस, कीबोर्डवरचं बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात बोलतं, त्यावर हे घर दोन वर्षं चाललंय. घसा गेला, पण माणूस घरात होता. आता ते ‘दुखतंय’चं बटण दाबतात आणि गोळ्यावाली बोलते. भाजीबाजारात वीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस, घरातल्या घरात एका शब्दासाठी पाव तास ताटकळतो. परवा कीबोर्ड आपटला त्यांनी. मला बघवत नाही.

मी चौथी शिकलेली, अक्षरं जुळवत वाचते. तेव्हा शहाणपणा न दाखवता एकेक पायरी लिहून पाठव. माया आहेच, काम झालं की वाढेल.

तुझी ताई


बोटीवरून, ता. १४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि. पत्र देताना कप्तानाने विचारलं, घरी सगळं बरं ना. म्हटलं, ताई रागावलीय म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

घाबरू नकोस. हा रोग नाही, हे न बोलावलेले पाहुणे आहेत. खेळ बसवताना न वाचता ‘पुढे, पुढे’ दाबत गेलं की ते मागच्या दाराने शिरतात. आधी इंटरनेटची वायर काढ. मग सेटिंग उघड. तिथे आत बसवलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी मिळेल. प्रत्येकापुढे त्याचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि बसवल्याची तारीख असते. तारीख खेळ आला त्या दिवसाची किंवा नंतरची असेल आणि तुम्ही ते मागितलं नसेल, तर काढ. शंका आली तर बनवणाऱ्याचं नाव बघ. तुझ्या लाँड्रीत प्रत्येक कपड्याला दोऱ्याची निशाणी असते ना, तसंच ते. निशाणी नाही, तर संशय घ्यायचा. काढायला गेलीस की ते गयावया करतील, खरंच काढू का म्हणून दोनदा विचारतील. विरघळू नकोस.

सगळं झालं की सोबत पाठवलेल्या सीडीच्या चकतीतला सफाईचा प्रोग्रॅम एकदा चालव. दाजींना सांग, पुढच्या सुट्टीत पत्ते मी आणतो, कागदाचे.

तुझ्या रागाचा आणि आशीर्वादाचा सारखाच भुकेला,
धाकटा


बोटीवरून, ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र आधीच्या पत्रामागे धावतंय. आज तारा जोडताना एकदम आठवलं आणि हातातला पाना पडला.

त्या यादीत ‘चाचणी ३’ नावाचं एक असेल, बनवणाऱ्याची जागा रिकामी. ते माझं आहे. तेच दाजींचं बोलणं. पडद्यावर त्याला ‘दाजींची पाटी’ म्हणतात, पण यादीत माझं कामापुरतं नाव तसंच राहिलं. बदलीन बदलीन म्हणत बोटीचं बोलावणं आलं. सगळे आवाज त्याच्या पोटात आहेत. ते काढलं तर आवाज जातील, आणि ताई, माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

यादीला हात लावला नसशील तर लावू नकोस. लावला असशील तर कॉम्प्युटर बंद कर आणि बंदच ठेव. बोट दहा दिवसांनी बंदराला लागेल, तेव्हा हे टपालात पडेल. जन्मात कधी आळस केला नाहीस, तो आता कर. एवढी एकच मागणी.

धाकटा


ता. २६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं आणि काम फत्ते झालं. दाजी घशातली नळी बदलायला तीन दिवस इस्पितळात आहेत, उद्या येतात. मी लाँड्रीतून अर्धा दिवस मागून घेतला. मालकिणीने तोंड वाकडं केलं. करू दे.

बारा काढले. पट्टीवाला, गोळ्यावाली, धोकेवाला, एक हवामान सांगणारा. खिडकी आहे की घराला! शेवटी राहिलं ‘चाचणी ३’. तारीख दोन वर्षं जुनी, म्हणून जरा थांबले. पण निशाणी नाही. आमच्याकडे निशाणी नसलेला कपडा आला की त्याची फडकी होतात, मग तो रेशमी असला तरी. त्याने दोनदा विचारलं, खरंच काढू का. मी दोनदा हो म्हटलं.

पडद्यावरची चित्रंही काही गेली, बरं झालं, गर्दीच होती. पडदा कसा धुऊन वाळत घातल्यासारखा दिसतोय. दाजींना काही सांगितलेलं नाही. जेवायला वाढायला उशीर झाला की ते ‘एक वार, दोन वार, तीन वार’चं बटण दाबून माझा लिलाव काढतात. उद्या मुद्दाम उशीर करणार आहे.

तब्येतीला जप. शिकलेल्या भावाचा एकदा तरी उपयोग झाला म्हणून खूश असलेली,
ताई


ता. ९ एप्रिल

धाकट्यास आशीर्वाद.
तुझं दुसरं पत्र काल आलं. आता कळलं मी काय काढलं ते.

त्या दिवशी वाढायला उशीर केला. त्यांनी बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग एकेक करून सगळी दाबली, चहा, पाणी, दुखतंय, अगं. मी ओट्याशी हसू दाबून उभी, आवाज येईल म्हणून. मग त्यांनी जुनी दगडी पाटी काढून तिच्यावर खडूने लिहिलं, कुठे गेलं. मी म्हटलं असेल अजून घाण कुठेतरी. म्हणून तुझी सफाई चालवली. रोज. दिवसातून तीनदा. बारा दिवस. तू बंद ठेव म्हणत होतास आणि मी घासत होते.

काल पत्र वाचून त्यांना सांगितलं की ते मी काढलं. त्यांनी खडू घेतला आणि परत खाली ठेवला. पाटी कोरी होती तरी पुसली.

दुसरीकडे आवाज कुठे असणार? लिलाव कोण टेप करतं?

ताई


बोटीवरून, ता. २१ एप्रिल

ती. ताईस,
पुसला गेलेला माल परत शोधून देणाऱ्या दुकानात कॉम्प्युटर ने, सोबत माझी चिठ्ठी दे. तुझी चूक नाही. दुसऱ्यांच्या निशाण्या बघायला तुला शिकवलं आणि माझ्या कामावर मीच निशाणी घातली नाही. दाजींना काय सांगू ते तूच सांग.

धाकटा


ता. १२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. दुकानवाला भला निघाला, चार दिवस खपला. म्हणाला, काढल्यावर लगेच बंद केला असता तर बरंच हाती लागलं असतं, रोजच्या सफाईने त्या जागेवर दुसरंच लिहिलं गेलं. एकशे चाळीसातला एक तुकडा मिळाला. शब्द नाही. शब्दाआधी ते खाकरले होते तेवढं. तुला आठवतंय, तू म्हणालेलास हे कापून टाकू, आणि हे म्हणाले होते राहू दे, त्याशिवाय बाजार गप्प होत नाही.

तू स्वतःला खात बसू नकोस. हात माझा होता. फक्त यापुढे काही केलंस तर त्यावर नाव घाल. घाई असली तरी घाल.

दाजी पत्ते खेळत नाहीत. पाटीवर लिहितात, लागेल तेवढंच. मी वाचेपर्यंत त्यांचा चहा गार होतो. दुकानवाल्याने तो तुकडा एका बटणावर बसवून दिलाय. त्या बटणाला मी लाल दोरा चिकटवलाय.

मी ओट्याशी पाठमोरी असते तेव्हा ते दाबतात. खाकरल्यासारखं होतं, अगदी बोलणार असल्यासारखं. मी वळते आणि काय हो म्हणते. दर वेळी म्हणते, माहीत असून. ते माझ्याकडे बघत राहतात. मग परत दाबतात.

सुट्टी मिळाली की ये. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई