ढोल वाजला तेव्हाची तुळई

४ सप्टेंबर
राजधानीहून, लिलाँग्वेहून, न्खोटाकोटाला साइटवर परतले. बांधकाम चाललेल्या प्रसूतिगृहाच्या दारावरच्या तुळईवर तिरकी रेघ! गिलाव्यातून वर आलेली. नखाने खरवडून बघत होते तोच कंत्राटदार बांबो काचिंग्वेंची हाक — "मायी, आधी जेवायला चला. मासे गार होतायत." इथे बाईला मायी म्हणतात, पुरुषाला बांबो.
गेले. या गावात माझ्याबरोबर जेवणारा हा एकच माणूस. बाकीचे आर्किटेक्टबाई दिसली की गप्प होतात.

६ सप्टेंबर
उलगडा झाला. मी नसताना काँक्रीट ओतता ओतता ढोल वाजला — मुखियाची आई गेली. घमेली जागच्या जागी टाकून सगळे मयताला. दफन करून आले आणि घट्ट झालेल्यावर नवं ओतलं! ते कसं एकजीव होणार? वरून गिलावा.
काचिंग्वेंना विचारलं. म्हणाले, "मयत घरात असताना खोरं चालवू? मग माझ्या मयताला कोण येईल?"
खोटं नाही. पण त्या तुळईखाली बायका बाळंत व्हायच्यात. पलीकडची तुळई त्या दिवसाच्या आधी ओतलेली, म्हणाले. वरवर ठीक दिसली, पास केली.

७ सप्टेंबर
दवाखाना कमिटीच्या अध्यक्ष मायी चिमटेंगो फोनवर कडाडल्या. "इमारत आमची, तुला नेमलं आम्ही, आणि आमचंच पाडतेस? पावसाआधी छप्पर हवंय मला!"
करारात म्हटलंय, मालक-कंत्राटदारात आर्किटेक्टने कुणाचीच बाजू घ्यायची नाही. म्हणणाऱ्याने इथे येऊन चार दिवस राहून दाखवावं!
तुळई तोडायचा लेखी हुकूम दिला. काचिंग्वेंनी कागद घडी करून खिशात घातला. जेवायला हाक मारली नाही.

८ सप्टेंबर
एकटी जेवले.

११ सप्टेंबर
टेकू लावून तोडली. रेघेवर सरळ दोन तुकडे. माझंच खरं ठरलं, आणि कुणाला सांगू? मागून एक गवंडी पुटपुटला, "मयताला आली नाही, मोडायला बरी आली!" काचिंग्वेंनी ऐकलं.
खोलीवर येऊन रडले. फार एकटं वाटतंय.

१३ सप्टेंबर
साइटवर घणाचे आवाज. मी तर काही सांगितलं नव्हतं! काचिंग्वे स्वतः घण घालत होते — पलीकडच्या तुळईवर. मी पास केलेल्या.
"हीसुद्धा त्याच दिवशीची, मायी," वर न बघता म्हणाले. मग, "हात धुऊन घ्या. जेवण दोघांचं आणलंय."