दहातल्या दोघी

निपाणी, १९४६

पारिसा, जय जिनेंद्र. आशीर्वाद धाडते, खरं हे वाचून तू तो घेशील का, ठाऊक न्हाय.

बेळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझं बीज पिचकारीनं राजमतीच्या पोटात सोडू. तवा तू इचारलंस, "आक्का, गुण किती जणींना येतो?" मी म्हटलं, "दहातल्या आठजणींना." मग नव्या नवरीगत लाजत शिशी दिलीस.

बाई म्हणालत्या, "दहातल्या दोघींना." आठ माझ्या मनाचं. दोन ऐकून तू गाडीत बसला नसतास.

दोन खेपा वाया गेल्या, नि माझं खोटं राजमतीच्या गळ्यात आलं. तू म्हणतोस, "आठजणींना राहतंय, हिलाच न्हाय, म्हंजे हीच वांझ." आता चिकोडीला मामाकडं जाऊन बसलायस, शुक्रवारी दुसरी पोरगी बघायला.

तंबाखूचा तरवा उगवला न्हाय, तर तू बियाणं बदलतोस. रान सोडतोस व्हय रं?

तू जायच्या आधी झालेल्या तिसऱ्या खेपेचा महिना भरलाय. राजमतीनं परवाच बाजूला बसायला पायजे होतं. अजून चुलीपुढंच हाय. ती माझ्याकडं बघत न्हाय, मीबी इचारत न्हाय.

बाजूला बसली, तर हे पत्र घेऊन मीच चिकोडीला येते, नि पोरीच्या बापाम्होरं मोठ्यानं वाचते. न्हाय बसली, तर चुलीत घालते.

आत्ता भाकरी थापायचा आवाज थांबलाय. बघून येते.

तुझी खोटारडी आक्का,
तारामती