सांगा मास्तरांना, तेल लागलं

अहो,

‘प्रिय’ लिहायला गेले, पण हात अडला. उभ्या जन्मात तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच कुठे आली? माहेरी गेले तर चार दिवसांत न्यायला दारात हजर! आज लिहिते आहे ते काही हौसेने नाही. तुमच्यासाठी निरोप आहे, आणि निरोप पोचवायचं काम या घरात पहिल्यापासून माझ्याच गळ्यात.

निरोप समोरच्या जमनभाईंचा. काल सकाळी पेपर हातात घेऊन गॅलरीतून जवळजवळ पळतच आले. या वयात! दारात धाप लागली. मी पाणी पुढे केलं तर ते बाजूला सारून म्हणाले, “भाभी, मास्तरांना सांगा, तेल लागलं. समुद्रात. मुंबईच्या समोर.”

खरंच लागलं हो! सरकारचं जहाज भर समुद्रात विहीर खणत होतं, त्यात लागलं. पेपरात पहिल्या पानावर आहे. इतकी वर्षं वाट बघितलीत आणि नेमके गेल्या दिवाळीच्या तोंडावर उठून चालते झालात. थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? एरवी कुठे लग्नाला जायचं तर तासभर आरशासमोरून हलायचा नाहीत. तिथेच तेवढी घाई!

काल दिवसभर मला काही सुचलं नाही. आमटी दोनदा करपली. सगळे जुने दिवस वर आले.

जमनभाई आणि सविताबेन समोरच्या खोलीत राहायला आले तेव्हा आपलं लग्न नवं होतं. ते फोर्टात एका दलालाकडे कारकून आणि तुम्ही गिरगावातल्या शाळेत भूगोलाचे मास्तर. त्यांच्या कानावर कंपन्यांच्या बातम्या, तुमच्या डोक्यात समुद्र. जमायला कितीसा वेळ लागणार? त्यात ती कंपनी निघाली, समुद्राच्या तळाशी तेल शोधणारी. तिचं नाव लिहीत नाही. नाव काढलं की अजून माझं डोकं उठतं. एकट्याला झेपणार नव्हतं म्हणून दोघांनी मिळून शेअर घेतलेत. सर्टिफिकेटवर वर तुमचं नाव, खाली जमनभाईंचं. मी तेव्हाच म्हटलं होतं, लग्न माझ्याशी लावलंत आणि जोडीने नाव मात्र त्यांच्याबरोबर. तर कसे लाजल्यासारखे हसला होतात!

मग नकाशा आला. खोताच्या वाडीतल्या फ्रान्सिसअंकलची सगळी नोकरी बंदरात टगबोटीवर गेलेली. त्यांच्याकडून समुद्राचा जुना नकाशा मागून आणलात आणि जिथे मी देवाचं कॅलेंडर लावणार होते नेमक्या त्याच भिंतीवर ठोकलात. जमीन कोरी आणि पाण्यात नुसते खोलीचे आकडे. कंपनीने दोन जागा जाहीर केल्या होत्या. एक वर खंबातच्या आखातात, एक मुंबईच्या समोर, जिथून किनारा दिसतसुद्धा नाही अशी. दोन्ही ठिकाणी तुम्ही लाल पेन्सिलीने फुल्या केल्यात.

शनिवारी तुमची शाळा अर्धा दिवस. दुपारी जमनभाई यायचे, हातात बाजारभावाचं पान. मग चहावर चहा. विहीर आधी कुठली खणणार, यावर दोघांची पैज. जमनभाई म्हणायचे आखातातली. तिथे पाणी उथळ, खर्च कमी, आणि किनाऱ्यावरच्या गावांत जमिनीतून गॅस येतो असं त्यांच्या शेठच्या ओळखीतलं कोणी सांगत होतं. तुम्ही म्हणायचात मुंबईसमोरची. का, तर तुम्हाला वाटतं म्हणून! भूगोलाच्या मास्तराने असं बोलावं? पण तेव्हा भांडणही गोड होतं. सविताबेन खांडवी घेऊन यायच्या आणि आम्ही दोघी तुम्हाला हसायचो.

मग ते दिवस आले. मुंबई कुणाची, हा एकच विषय. नळावर तो, वाण्याकडे तो, तुमच्या शाळेत तो. आज सभा, उद्या हरताळ. अश्रुधूर इतका यायचा की मी ओली फडकी खिडकीला लावून बसायची. आणि तुम्ही खिशाला बिल्ला लावून मोर्चात! घरात झुरळ निघालं तर मला हाक मारणारे तुम्ही! जमनभाईंचं म्हणणं, आहे तसं एकत्र राहू दे, नांदतं घर तोडायचं कशाला. त्यांनाही मनापासून तसंच वाटत होतं. आणि बघता बघता नकाशावरच्या फुल्यांनाही राज्य मिळालं. वरची गुजरातची, खालची महाराष्ट्राची. समुद्रातून थेंब निघाला नव्हता आणि त्याची वाटणी आपल्या स्वयंपाकघरात चालली होती.

कंपनीच्या वार्षिक सभेला दोघे कडक इस्त्रीत गेलात. तिथे काय झालं ते मी तुम्हा दोघांकडून वेगवेगळं ऐकलंय, तेव्हा जुळवूनच लिहिते. अध्यक्षांनी विचारलं, भागधारकांपैकी कुणाला काही सुचवायचंय का. तुम्ही उठलात आणि म्हणालात, पहिली विहीर मुंबईसमोर घ्या. तुम्ही खाली बसायच्या आत जमनभाई उठले, आखातात घ्या. अध्यक्षांनी दोघांची नावं विचारली आणि हसून सांगितलं की तुमचं खातं एक, तेव्हा मतही एक. घरी जाऊन काय ते ठरवा आणि मग या. अख्खी सभा खो खो हसली.

त्या हसण्याने सगळा घोळ केला. येताना ट्रामच्या एकाच बाकावर बसून आलात, पण शब्द नाही. घरात शिरलात तेच तोंड फुगवून. मला म्हणालात, त्याला सांग, आजपासून बोलणं बंद. मी म्हटलं, समोर तर राहतात, तुम्हीच सांगा. तर म्हणालात, बोलणं बंद आहे ना, मी कसं सांगू! मला हसू आवरेना आणि तुम्ही आणखी चिडलात.

तिथून माझी नोकरी सुरू झाली, बिनपगारी. दोघांच्या खुर्च्या आपापल्या दारात, मधे हातभर गॅलरी, एकमेकांचा श्वास ऐकू यावा इतकं जवळ. तरी “भाभी, मास्तरांना सांगा, भाव पडला.” मी वळून तुमच्याकडे बघायची. “त्याला सांग, वाचलाय मी.” मी पुन्हा तिकडे वळायची. शेंगा निवडत बसले असले तरी निरोप काही चुकला नाही. किती वर्षं चाललं हो ते! चाळीतली पोरं तुमच्या दोघांच्या नकला करायची. सविताबेन मला म्हणायच्या, ही माणसं आहेत की काय आहेत!

तुम्ही सत्याग्रहात पकडले गेलात तेव्हाची गोष्ट मी तुम्हाला पुन्हा सांगणार आहे, कारण तुम्ही ती नेहमी अर्धीच सांगायचात. बाहेर दगडफेक चालली होती. मी डबा भरून नुसती रडत बसले होते. जमनभाई आले, डबा उचलला आणि गेले. त्या दिवसांत, एकटे, गुजराती टोपी घालून, मोर्चांच्या गर्दीतून! चौकीत तुमच्या पुढ्यात डबा ठेवला आणि त्याखाली घडी घालून बाजारभावाचं पान. बोलले नाहीत. तुम्हीही नाहीत. सुटून घरी आलात तर पहिलं वाक्य काय? “त्याला सांग, पान आदल्या दिवसाचं होतं.” मला असा राग आला होता! पण रात्री ते पान तुम्ही जपून नकाशामागे खोचलंत ते मी पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

मग खंबातला जमिनीखाली तेल निघालं, सरकारला. जमनभाई तरातरा दारात. “मास्तरांना सांगा, खंबात.” तुम्ही नकाशाकडे वळून पाहिलंत. मग म्हणालात, “त्याला सांग, जमिनीत लागलंय. पैज समुद्राची आहे.” किती नमुनेदार होतात तुम्ही दोघे!

आणि शेवटी राज्य झालं. गिरगावात घरोघर दिवे, पेढे, गुलाल. तुम्ही इतके खूश की मला पेढा भरवलात, तोही सगळ्यांदेखत. मग पुडा माझ्या हातात दिलात आणि तिकडे न बघता म्हणालात, समोर दे. मी गेले. सविताबेन ट्रंक भरत होत्या. त्यांच्या शेठची पेढी अहमदाबादला शाखा काढत होती आणि जमनभाईंनी तिकडे जायला हो म्हटलं होतं. आता इथे आमचं काय, म्हणाल्या. मला पुढे उभं राहवेना. सविताबेन जाणार, म्हणजे माझं या चाळीत उरणार कोण? तुमच्या त्या अबोल्याचा मला त्या दिवशी जितका तिटकारा आला तितका कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जमनभाई कागद घेऊन आले. शेअर विकायचे तर दोघांच्या सह्या लागणार. तुम्ही टेबलाशी पेपर तपासत होतात. ते दारातच उभे राहिले, माझ्याकडे बघून म्हणाले, मास्तरांना सांगा, सही पाहिजे, निम्मे पैसे आणून देतो. तुम्ही मान वर न करता मला म्हणालात, त्याला सांग, सही मिळणार नाही. ते म्हणाले, का ते विचारा. मी विचारायला तोंड उघडणार तोच तुम्ही खुर्ची मागे सारून उभे राहिलात आणि सरळ त्यांच्याकडे बघितलंत.

“जमन, मुंबई आमची म्हणालो मी. त्यात तू नाहीस, असं कधी म्हणालो?”

जमनभाई हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “हे तेव्हा बोलला असतास तर?”

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि आपल्या नेहमीच्या जागी, नकाशाखाली बसले. मी चहा टाकायला आत गेले आणि स्टोव्हच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. सविताबेनना सांगायला मीच धावले. ट्रंक पुन्हा उघडली, साड्या पुन्हा मांडणीवर. जमनभाईंनी दुसऱ्या दलालाकडे नोकरी धरली, थोड्या कमी पगाराची. मुंबई सोडली नाही.

कंपनीला परवाना काही मिळाला नाही. ना मुंबई, ना खंबात, एकही विहीर न खणता तिने गाशा गुंडाळला. सर्टिफिकेट ट्रंकेत तळाशी आहे. मी कधी टाकून दिलं नाही. तुम्ही दोघांनी मात्र शनिवार सोडले नाहीत. कंपनी गेली तरी भांडण शाबूत!

तुम्ही गेल्यापासून जमनभाई शनिवारचे आले नाहीत. आपल्या दारात बसायचे, पण खुर्ची भिंतीकडे वळवून. मी चहा नेऊन दिला तर घ्यायचे, बोलायचे नाहीत. काल प्रथमच आत आले. पेपरातला नकाशा भिंतीवरच्या नकाशाशेजारी धरला, चष्मा वर-खाली केला, बोटांनी मापलं. म्हणाले, मास्तरांची फुली थोडी चुकली. जरा वर पाहिजे होती. मी म्हटलं, वर म्हणजे? तर डोळे मिचकावून म्हणाले, वर म्हणजे आमच्या बाजूला! इतक्या दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. मीही हसले.

मग पुन्हा तेच, भाभी, मास्तरांना सांगा. मी तुमच्या फोटोकडे बोट दाखवलं. म्हटलं, हे काय, समोर आहेत, तुम्हीच सांगा की. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“तुम्हीच सांगा,” म्हणाले. “माझ्याशी परत बोलेनासे झालेत.”

काय करू मी या माणसाचं? पदराने डोळे पुसावे तर ते बघणार, म्हणून सरळ आत गेले. ही कसली कट्टी घेतलीत हो? मागच्या वेळी खुर्ची सारून उठला होतात. आता कोण उठणार?

ते मीच बघते. येत्या शनिवारी त्यांना आणि सविताबेनना चहाला बोलावलंय. जमनभाई नकाशाखाली बसतील. ते म्हणतील फुली वर हवी होती, मी म्हणेन मुंबईच्या समोर ते मुंबईचं. मला तेलातलं ओ की ठो कळत नाही, पण तुम्हाला तरी कुठे कळत होतं? तुमची बाजू मी सोडणार नाही, हा माझा शब्द. आणि यापुढे निरोप ऐकून नुसती मान डोलावणार नाही. ते म्हणाले मास्तरांना सांगा, की तुमचं उत्तर मी तिथल्या तिथे देईन, तुमच्याच आवाजात, तुमच्याच हट्टाने. जमनभाईंना पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू देणार नाही.

तुमची,
मधल्यामधे सापडलेली,
कमल